चोवीस तास पाणी

मारुंजी, १२ मे २००८, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. अण्णांच्या खोल्या भाड्याने लावायचं काम माझं, म्हणून इंटरनेटवर जाहिरात मी टाकली. पण 'चोवीस तास पाणी' हे अण्णांनीच लिहायला लावलं होतं. आता कोरड्या नळाला वैतागलेला भाडेकरू पोलिसात जातो म्हणतोय. वेबसाइटवाल्यांनी हात वर केले. अटींप्रमाणे जबाबदारी जाहिरात टाकणाऱ्याची म्हणे. 'अटी मान्य'वर टिक मीच केली ना, न वाचता. इंग्रजीतली एवढी पानं सातवी शिकलेला मी काय वाचणार? आणि वाचतं तरी कोण?

अण्णा म्हणाले, "जाहिरात तुज्या नावावर हाय, तूच निस्तर."

"आणि बोअर कुणाच्या नावावर आहे, अण्णा?"

"लई बोलाय लागलास. काम बी सोड अन् खोली बी."

सोडतो! लातूरहून एक पिशवी घेऊन आलो होतो, तीच उचलायची. पण टिक माझी, तर पासवर्डही माझाच. तडक सायबर कॅफेत गेलो आणि जाहिरात बदलली: 'नळ आहेत, पाणी नाही. टँकर आला तर भरायचं.' खाली नाव माझंच ठेवलं.

अण्णांचा फोन वाजतोय. वाजू दे. ह्या जाहिरातीची जबाबदारी घेतो मी, खुशाल.