लांब नळी, आखूड नळी

१२ एप्रिल, रविवार

खालापूरला, मेहुण्याच्या, रमेशच्या गॅरेजात. ज्यो.च्या गाडीला हवेची नवी नळी बसवायची आहे. रमेशने दोन्ही प्रकार मित्राकडून आणून ठेवलेत, नको ती परत करायची. कोल्ड एअर म्हणजे लांब: फिल्टर मडगार्डच्या आत, खाली बंपरपाशी, बाहेरची गार हवा ओढणारा. शॉर्ट रॅम म्हणजे आखूड: फिल्टर बॉनेटखाली, इंजिनाला खेटून. इथून पुढे लां. आणि आ.

रमेशचं मत ठरलेलं. "ताई, लांबच घे गं. आखूड नुसता आवाज करतं, दम नाय त्यात."

ज्यो. म्हणाली, आधी मोजू. मग माझ्याकडे बोट. "सर मोजतील."

लग्नाला एकवीस वर्षं झाली, अजून सर. कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला माझी पार्टनर होती. रीडिंग मी घ्यायचो, ती न बघता उतरवून घ्यायची.

ऑक्टोबरात चढाची शर्यत. एकेक गाडी सोडतात, भांडण घड्याळाशी. गेल्या वर्षी बायकांत चौथी आली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. तिसरी अर्ध्या सेकंदाने पुढे. तो अर्धा सेकंद वर्षभर आमच्या घरात राहतोय.

१५ एप्रिल, बुधवार

कॉलेजच्या लॅबमधून तापमापक घेतला, लांब वायरीचा. रजिस्टरात "खासगी कामासाठी, पाच दिवस" लिहून सही केली. शिपाई हसला. म्हणाला, सर, असं कोण लिहितं?

१९ एप्रिल, रविवार

खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट. सकाळी लां. लावून, दुपारी आ. लावून. म्हणजे बाहेरची हवाच दोन्ही वेळा वेगळी. म्हणून फिल्टरशी बाहेरच्यापेक्षा किती अंश जास्त, तेवढंच धरायचं. हवा जितकी गार तितका इंजिनाला दम.

लां.: ३, ४, ३, ५.

आ.: ८, ९. मग शिंगरोबाच्या देवळाअलीकडे ट्रकमागे अडकलो. २४, २६.

ज्यो. चालवत होती. वळणावर ओठ घट्ट मिटते आणि वळण संपलं की सोडते. तिला माहीत नसावं. मी मीटरकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होतो, एक रीडिंग त्यातच हुकलं.

२० एप्रिल, सोमवार

गेल्या जुलैतली संध्याकाळ सारखी डोळ्यांपुढे. आपल्या वाडीच्या ओढ्यावरची फरशी, तो बुटका पूल, पाण्याखाली, मी अलीकडे छत्री घेऊन उभा, पलीकडे तिची गाडी. मोहोपाड्याहून कामावरून येत होती. हाताने थांब म्हणालो. तिने गाडी घातली. पाणी बंपरला लागलं, तरी आली. खाली उतरून म्हणाली, चहा टाकलायस का?

तेव्हा हवेच्या फिल्टरचा कंपनीचा मूळ डबा होता, त्याचं तोंड वर. लां. असती तर फिल्टर पाण्यात. इंजिनाने घोटभर पाणी ओढलं तरी पिस्टन अडकतो, गाडी जागेवर. फरशीच्या मधोमध.

जेवताना तिने विचारलं, काय निघालं?

म्हणालो, फरक पाच अंशांचा, किरकोळ. आ. लाव.

२४ आणि २६ गाळली. कारण मनाशी तयार होतं: ट्रक मध्ये आला, शर्यतीत ट्रक नसतो. कारण चांगलं आहे. गाळायचं कारण नेहमी चांगलंच असतं.

"बरं," म्हणाली. वही बघितली नाही.

२५ एप्रिल, शनिवार

रमेशने आ. बसवली. तोंड वाकडं करून, पण बसवली. "भावजींचं गणित हाय, आमी काय बोलणार."

पाय दाबला की बॉनेटखालून मोठ्ठा श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. कर्जतच्या चौकात दोन म्हातारे वळून बघायला लागले. ज्यो. खूश. तिच्या खुशीत मीही खूश, आणि मग लगेच नाही.

३ मे, रविवार

रमेशला सहज विचारलं, शर्यतीत सुटायच्या आधी काय करतात.

"रांगेत उभं करतात, भावजी. अर्धा तास, उनात, इंजिन चालू. गेल्या साली बॉनेट उघडून मी पुठ्ठ्याने वारा घालत व्हतो. ताईला नाय, गाडीला."

तो हसला, मीही हसलो.

अर्धा तास उभी गाडी म्हणजे ट्रकमागचीच स्थिती. म्हणजे २४ आणि २६ हीच दोन रीडिंगं तिच्या कामाची होती. बाकीची नसती तरी चाललं असतं.

४ मे, सोमवार

पावसाळाभर मूळ डबा ठेवून ऑक्टोबरात लां. लावता येईल का, असं आडून विचारलं. नाही म्हणाली. नळी बदलली की इंजिनाची ओढ बदलते, पायाला ओळख व्हायला तीन-चार महिने लागतात. सराव सगळा पावसातच. मग म्हणाली, पण आता लां.चं काय, आपलं तर ठरलंय.

आपलं.

११ मे, सोमवार

ज्यो. चौक गावाजवळ गाड्यांच्या रांगेत वीस मिनिटं अडकली होती. घरी आल्यावर पाणी प्यायली, बराच वेळ पायरीवर बसून राहिली. गाडी रांगेतून निघाली की उचलतच नाही, म्हणाली.



"मीच हळू झाले का रे? पायाला आधीसारखं कळत नाही बहुतेक. वय झालं."

तिने क्लचवर संशय घेतला, पेट्रोलवर घेतला, स्वतःच्या पायावर घेतला. माझ्या आकड्यांवर नाही.

सांगायला हवं होतं. तिच्या पायाला तेल चोळून दिलं. तिला बरं वाटलं. त्याने जास्तच…

१२ मे, मंगळवार

बारावीच्या पोरांना याच गोष्टीसाठी शून्य देतो. नको ते रीडिंग खोडलं की ताबडतोब ओळखू येतं, बाकीचे आकडे फार गुण्यागोविंदाने बसतात. पोरं म्हणतात, सर, उत्तर तर बरोबर आलं ना. मी म्हणतो, उत्तर तुझं नाहीच.

माझी भीती खोटी नव्हती. म्हणून रीडिंग गाळणं कमी खोटं होतं का? दिवसभर प्रयत्न केला, होत नाही.

१३ मे, बुधवार

सांगितलं. संध्याकाळी, ती आंब्याच्या फोडी करत असताना. वही उघडून पुढे ठेवली. २४, २६ वर बोट ठेवलं. ट्रक, रांग, फरशी, जुलै, सगळं एका दमात. आणि तुझा पाय हळू झालेला नाही, हेही.

हात पुसून तिने वही ओढून घेतली. पहिल्यांदाच नीट वाचली. एकेक ओळ.

मग फोडी करायला लागली.

१५ मे, शुक्रवार

दोन दिवस कामापुरतं बोलणं. डबा भरून देते. डब्यात कोशिंबीर आहे, म्हणजे रागावली नाही असं समजायचं की सवय समजायची?

आज गाडीत बसता बसता, काच खाली करून:

"फरशीची भीती वाटत होती तर फरशी म्हणायचं होतंस. भांडले असते मी, पण ऐकलं असतं. आकडे मध्ये कशाला घातलेस? तुझ्या आकड्यांपुढे मी भांडत नाही, तुला माहितीय."

माहीत होतं. तेच तर वापरलं.

१७ मे, रविवार

रमेशने आ. काढली. तात्पुरता मूळ डबा. त्याला तिने सगळं सांगितलं असावं, कारण माझ्याशी एकदम हळू बोलत होता, आजारी माणसाशी बोलतात तसं. चहा दोनदा पाजला.

ज्यो. लां. मडगार्डाशी धरून टेपने जमिनीपासून उंची मोजत होती. मी टेपचं दुसरं टोक धरायला गेलो. धरू दिलं. आकडा तिनेच वाचला, तिनेच लिहिला. फिल्टरची खालची कड जमिनीपासून नऊ इंच.

२४ मे, रविवार

सकाळी रंगाचा डबा घेऊन निघाली. मलाही चल म्हणाली. फरशी कोरडी, ओढ्यात मधे मधे डबकी, बाजूला वाडीतल्या बायका धुणं धूत होत्या. कडेच्या दगडी खांबावर, फरशीच्या पातळीपासून पाच इंचांवर, तिने ब्रशने आडवी पांढरी रेघ मारली. बायकांनी विचारलं, काय गं, मोजणी आली का काय? ती म्हणाली, नवऱ्यासाठी.

मग मला: "नऊतले चार इंच लाटेला सोडले. गाडी पाण्यात शिरली की पुढे लाट उठते, ते धरलंय. पाणी रेघेला लागलं की मी गाडी घालणार नाही. मागे वळून मोहोपाड्याला कामावरच्या सुमनच्या क्वार्टरवर राहीन आणि तुला फोन करीन. तू इकडे छत्री घेऊन हातवारे करायचे नाहीस."

मी रंगाचा डबा तिच्या हातातून घेतला.

"वीस वर्षं तुझे आकडे न बघता घेतले. हा माझा एक आकडा आहे. तसाच घेशील?"

रंगाने तिच्या अंगठ्याचं नख पांढरं झालं होतं. मी ते पुसायला घेतलं. ती पुसू देत होती, पण बघत होती माझ्या तोंडाकडे. विचार करतो म्हणालो. कर, म्हणाली.

२६ मे, मंगळवार

विचार म्हणजे काय करतोय? लाटेला चार इंच पुरतील का, याचा हिशेब मांडला. पुरतात, सावकाश गेलं तर. मग लक्षात आलं, मी परत आकडेच तपासतोय. तिने विचारलं होतं ते वेगळंच.

अंधार, पाऊस, दिवसभराचं काम, समोर घराचा दिवा दिसतोय. रेघेला पाणी लागलंय, थोडंसंच. तेव्हा ती वळेल? माझ्याकडे यासाठी एकच रीडिंग आहे, गेल्या जुलैतलं. पण तेव्हा तिने शब्द दिला नव्हता, आणि मीही तिला भीती सांगितली नव्हती. नुसते हातवारे.

२८ मे, गुरुवार

कॉलेजातून येताना फरशीवर थांबलो. रेघ वाळून पक्की झाली आहे. खांबाशी उभा राहून बघितलं, पायाला घोट्याच्या वर दोन बोटं. फार खाली वाटते. लाटेला तिने सोडलं त्याहून जास्त मीही सोडलं नसतं.

घरी आलो तर रमेशचा फोन. शनिवारी गाडी कामाला घेतो म्हणाला, नळी कुठली लावू? मी म्हणालो, ताईला विचार, गाडी तिची.

"विचारलं ना. ती म्हनते, सरांना विचार. आणि म्हनली, आकडा सांगायला लागले तर फोन ठेव, नुसतं लांब का आखूड तेवढं ऐक."

 फोनमधून गॅरेजातला कॉम्प्रेसर ऐकू येत होता. आत ज्यो. स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज बंद झाला होता. "लांब," म्हणालो.