दहा मात्रांचा डमी

४ नोव्हेंबर, मंगळवार
शेखरचा आवाज! नऊ वर्षांनी! व्हॉट्सअ‍ॅपवर, मी मेथी निवडत असताना. ना नमस्कार, ना खुशाली — नुसती चाल. सोबत पेटीसुद्धा नाही. तीनदा ऐकली. चाल सुरेख आहे, हे लिहायलाही जिवावर येतंय.
आवाज जड झालाय त्याचा. अक्षरं ओढत ओढत येतात. वय झालं, दुसरं काय! इगतपुरीला मुलीकडे राहायला गेलाय, असं ऐकून होते. इथून तासाभरावर. एकदाही गेले नाही.

५ नोव्हेंबर
चालीवर नेहमीसारखा डमी. अकरा चित्रपट केले आम्ही, चाल त्याची, शब्द माझे, आणि दर वेळी हेच. मी गाणं लिहीपर्यंत हा तोंडाला येईल ते गायचा, मला मीटर कळावं म्हणून. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'मेथीची जुडी, दोन लिंबं द्या हो' यावर बेतलेलं आहे, हे कुणाला सांगून पटणार नाही. डमीचा अर्थ ऐकायचा नाही, मात्रा मोजायच्या — हा माझा नियम.
या वेळचा असा:
चहा गार झाला, कुणी येत नाही
शब्द सापडेना, शब्द सापडेना
दहा-दहा मात्रा. चोख.

८ नोव्हेंबर, शनिवार
नाही लिहायचं. का लिहू? शेवटच्या रेकॉर्डिंगला सगळ्या वादकांसमोर काय म्हणाला होता? 'मंजुषा, तुझ्या शब्दांपेक्षा माझा डमी बरा होता.' तबलजीसुद्धा हसला. मी पर्स उचलली आणि थेट नाशिक गाठलं. त्याला पुढे चार गीतकार मिळाले. मला संगीतकार मिळाले, पण सूर कुणाशी जुळला नाही. नऊ वर्षांत काय लिहिलं? तीन शाळांची स्वागतगीतं आणि एका पतसंस्थेचं.
भाजीवाली नवसाबाई दारात म्हणाली, "बाई, तुमचं गाणं रेडिओवर लागलं व्हतं. त्या बाईनं नाव घेतलं पण तुमचं नाय घेतलं. शेखर का कोण, त्याचंच घेतलं."
म्हटलं, त्याचीच चाल होती.
"आन बोल कुनाचे?"
तिला कोथिंबीर परत दिली. पिवळी होती.

९ नोव्हेंबर
लिहिलं. राहवलं नाही.

१० नोव्हेंबर
अजून त्यातच आहे. दूध उतू गेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. किती वर्षांनी दिवस असा भुर्रकन गेला! एरवी दुपारचे तीन वाजता वाजत नाहीत.
नदी शांत झाली, तीर बोलवेना
सूर ओळखीचा, नाव आठवेना
जमलंय! स्वतःच वाचून रडले. दाखवायला घरात कुणी नाही, म्हणून दोनदा मोठ्याने वाचलं.

११ नोव्हेंबर
पाठवलं. वर एक ओळ लिहिली — 'डमी नेहमीसारखाच टाकाऊ. खरे शब्द सोबत.' थोडं लागू दे त्यालाही.

१३ नोव्हेंबर
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. फोन बाथरूममध्येसुद्धा नेते आहे. लाज वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार
आलं उत्तर. तीच चाल — आणि तोच डमी! चहा गार झाला, कुणी येत नाही. माझा एक शब्द नाही, एकही! म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचं अजून खरं करून दाखवतोय. माझ्या शब्दांपेक्षा त्याचा डमी बरा.
नंबर ब्लॉक केला. जेवले नाही.

१७ नोव्हेंबर
काही नाही.

२० नोव्हेंबर
अनोळखी नंबर. त्याची मुलगी, आरोही.
"मावशी, तुम्ही बाबांना ब्लॉक केलंत का?"
हो म्हटलं, आणि बरंच बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगवायू झाला. बोलता येत नाही. एक शब्दसुद्धा नाही. पण गाता येतं, मावशी! डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींचं. हवं-नको सगळं चालीत सांगतात — पाणी, चादर, गोळी. तुम्हाला पाठवलं तो डमी नव्हता."
कुणी येत नाही. शब्द सापडेना. आणि मी मात्रा मोजत बसले! वर टाकाऊ म्हणाले.

२१ नोव्हेंबर, इगतपुरी
शेखर खिडकीशी बसला होता. मला बघून तोंड उघडलं, शब्द सापडेना. आयुष्यात कधी कुणासमोर गायले नाही मी. आज गायले —
आले बघ शेखर, चहा टाक आता.
तो हसला, वाकड्या तोंडाने. मग सुरात —
उशीर गं मंजू, बेसूर गं मंजू.
दुसऱ्या अर्ध्यात एक मात्रा जास्त आहे. असू दे.