टेकडीवरचं बुकिंग

१२ मे, बिश्केक
थकलोय, पण ठरलं. यर्टमध्ये, म्हणजे कुरणावरच्या गोल तंबूत, राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बुकिंगची आमची साइट बदलायची. सगळी पानं सर्व्हरवरच तयार होतात आणि सरकारी फॉर्मसारखी दिसतात. त्यात वेब कंपोनंटची लायब्ररी घालायची. तयार बटणं, तयार कॅलेंडर, नुसतं जोडायचं. दुपारभराचं काम. टीम लीड चोल्पोन एजेंना (आमच्याकडे ताईला एजे म्हणतात) तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, जुनं पान डोंगरातही उघडतं, तेवढं सांभाळ. वय झालं की माणूस घाबरट होतो.

१५ मे
दुपार अजून चालू आहे. एक बटण झालं. पान उघडताना ते क्षणभर उघडंबोडकं दिसतं, मग कपडे चढवतं. एजेंना म्हटलं, तो इफेक्ट आहे.

२० मे
कॅलेंडर बसलं. काय देखणं दिसतं! तारीख निवडली, फॉर्म पाठवला, सर्व्हरला तारीख पोचलीच नाही. कंपोनंट पोटातलं बाहेर सांगत नाही. दोष सर्व्हरचा. फ्रेमवर्क जुनं, विचार जुने.

२१ मे, संध्याकाळ
उपाय सापडला. प्रत्येक देखण्या रकान्यामागे एक साधा, लपवलेला रकाना. म्हणजे जुना फॉर्म जवळजवळ सगळा परत आला, पण दिसत नाही. याला आर्किटेक्चर म्हणतात.
उद्यापासून पळायला जाणार.

२२ मे
पाऊस नव्हता, पण येईलसं वाटलं.

३ जून
साइट लाइव्ह! ऑफिसात सगळ्यांना आवडली. डोंगरात सोन-कुल तलावाकाठच्या कुरणावर जांगाझी मामाचा यर्टचा तळ आहे. त्याचं अख्खं वर्ष उन्हाळ्यातल्या पाहुण्यांवर चालतं. आईला फोन करून सांगितलं, यंदा मामाचं सोनं होणार.

१२ जून
मामी बाजाराला खाली कोचकोरला आली होती, तिथून फोन केला. बुकिंगचा एसएमएस आला की मामा घोड्यावरून टेकडीवर जातो, कारण इंटरनेट लागलं तर तिथेच. पान उघडून ‘हो’ दाबतो. संध्याकाळपर्यंत दाबलं नाही तर पाहुणे शेजारच्या तळाला जातात. हा नियम मीच घातलाय. हल्ली म्हणे पान पांढरंच राहतं. लायब्ररी मोबाईलवर पूर्ण उतरल्याशिवाय काही दिसायचं नाही, हे मामीला कसं समजावणार? मामा अंधार पडेपर्यंत तिथे बसून राहतो आणि ती जेवण झाकून ठेवते. म्हटलं, जरा धीर धरा.

१६ जून
आमच्या ऑफिसात पान झटकन उघडतं. टेकडीवर इंटरनेट रडतखडत चालतं, हा टेकडीचा दोष. एजेंनी विचारलं, जुनं पान परत लावू का? म्हटलं, आठवडाभर थांबा, लायब्ररी हलकी करतो.

२५ जून
हलकी केली. बटणं काढली, लायब्ररी होती तेवढीच राहिली. एजेंनी मला न विचारता जुनं पान लावलं. काम संपलं तेव्हा त्यांचा चहासुद्धा गार झाला नव्हता. मी रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

२ जुलै
टेकडीवरून मामाचा फोन. मी आधीच सांगून टाकलं की पान दुरुस्त झालंय, आता खुशाल बुकिंग घे. तो म्हणाला, मोठे गट सगळे केरिमकडे गेले. केरिम म्हणजे शेजारचा तळवाला. मामाने स्वतःचे दोन यर्ट उतरवलेत आणि तो केरिमच्या पाहुण्यांचे घोडे धरतो. आवाजात राग नव्हता. तो रागावला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मग म्हणाला, “अरे, केरिमच्या पाहुण्यांतल्या एका बाईने पावती म्हणून तुझ्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला होता. मी पहिल्यांदाच बघितलं ते. फार सुंदर केलंस रे. केरिमला म्हटलं, हे माझ्या भाच्याने केलंय.”

मला फार वाईट वाटलं. आवाज येत नाहीये म्हणालो आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.