बिनटिकलीचा खटका

रविवार, १६ नोव्हेंबर
आलो बाबा एकदाचे जुईनगरला! दिवाळे गावातलं घर पाडून नवं बांधायचंय, तोवर अकराव्या मजल्यावर भाड्याने. आम्ही तिघंच: मी, मुलगा कमळाकर, नात ईश्वरी. कमळाकर म्हणतो, आई, खाडी दिसते बघ. दिसते, पण सुकटीच्या वासाशिवाय खाडी म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. जन्मभर मासळी विकली, अक्षर शिकले नाही. ईश्वरीने हा फोन दिला, म्हणाली, आजी, तू बोल, हा लिहील. बिनपगारी कारकून! मी 'हाय' म्हटलं तरी 'आहे' लिहितो म्हणे. शाळेत गेलेला दिसतो.

दाराला करंटवरचं कुलूप. बोट लावलं की उघडतं, वीज गेली की ना आतून, ना बाहेरून. कमळाकर येत्या रविवारी साधी कडी बसवणार आहे. दाराजवळच्या पेटीत मेन आणि सात खटके. मला वाचता येत नाही म्हणून ईश्वरीने टिकल्या चिकटवल्या: लाल हॉलची, हिरवी स्वयंपाकघराची. सातव्याला टिकली नाही, तो कायम खाली. कशाचा, ते घरमालकालाही ठाऊक नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
दुपारी चारला मिक्सर लावला आणि खट! मेन पडला. घरात मी एकटी, दार बंद. ईश्वरीने तबरेज नावाचा वायरमन धाडला, तो बिचारा दाराबाहेर. बाहेरून ओरडून विचारतो, आजी, सगळे खटके पाडले? मेन पूर्ण खाली दाबून मग वर केला? फ्रिजचा प्लग काढला? म्हटलं, फ्रिजचा काढला, मिक्सरचा काढला, आता माझाच राहिलाय. तरी मेन टिकेना. तो म्हणाला, आत कोणीतरी करंट खातंय. खाली मीटर बघायला गेला.

दिवेलागण झाली. अशा वेळी घर काळोखात ठेवू नये. राहिला होता तेवढा सातवा खटका वर केला, मग मेन. टिकला! दिवा लागला की आमच्याकडे हात जोडतात. मीही जोडले. सवयीने म्हटलं, ये लक्ष्मी, बस, आता जाऊ नकोस.

आले. बसले.

बुधवार, १९ नोव्हेंबर
ईश्वरीने कालचं वाचून दाखवलं. शेवटी 'आले, बसले' असं लिहिलंय म्हणे, मी तर बोललेच नव्हते. विचारते, आजी, कोण आलं? मी म्हटलं, तूच चावटपणा केलास. तिने माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तबरेजने पेटी उघडली. सातव्याची तार बोटभर, पुढे तुटलेली. कुठेच जात नाही. तरी तो पाडला की मेन पडतो. दुपारी माझ्या खाटेचा दुसरा कोपरा दबला. कोणी बसावं तसा. मी म्हटलं, बाई, चुकलं, जा आता.

जाऊ नकोस म्हणालीस.

गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळ
मला खाली न्या म्हटलं. कमळाकर म्हणाला, आई, टेन्शन घेऊ नको, रविवारपर्यंत थांब. ती दोघं बाहेर पडली. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि दार आपोआप मिटलं. बोट लावलं, तरी उघडेना. आता खाटेवर शेजारी श्वास ऐकू येतो. ईश्वरी पाचला येते —

पोरगी पाचला येते. बरं.

गुरुवार, दुपार
नाही. पोरीवर नाही. सकाळी शेजारून पुटपुटली ती, ऐकलं मी.

सातवा पाडला. मेन पडला. श्वास थांबला. करंट खाऊनच उभी राहते ती. दार बंद, मी आत — चालेल. ईश्वरी बाहेर राहील.

खटका आपोआप वर येतो. दाबून धरलाय. दुसऱ्या हाताने ईश्वरीला फोन लावला, येऊ नको सांगायला. पलीकडून माझाच आवाज — ये, बस.

गुरुवार, पाच वाजले
ईश्वरी दारात. बोट लावतेय, दार हलत नाही. बरं झालं. खटका वर रेटतंय कोणी, आतून —

ओरडले, पळ —

ये गं बाय. आजी आहे मी. बोट ठेव तसंच.

हे मी नाही बोलले. ईश्वरे, ऐक, हे मी — बोट काढ — माझी बोटं सुटतायत, दिवा लागला, दार —