पिवळ्याला अप्रभावी म्हणणारे कोण?

९ फेब्रु., वडगाव
सहाच्या सहा झाडांना टोमॅटो लाल! पावसाळ्यात करप्यानं आईचं पिवळ्या टोमॅटोचं वाण गेलं. शेवटच्या झाडाच्या फुलांना मी करपा न लागणाऱ्या दणकट लाल वाणाचे पराग लावले होते. कळ्या उकलून, दोरे बांधून, डोळे फुटेस्तोवर. त्याच बियांची ही सहा झाडं. आईकडे आता बीसुद्धा उरलं नाही. आणि पिवळा कुठाय? डोकंच फिरलं. सगळी उपटली, घंटागाडीत टाकली.

११ फेब्रु.
बियाण्यांच्या ग्रुपवर विचारलं. ग्रुप चालवणाऱ्या सरांचं उत्तर: 'एफ-वन आहे. यलो रिसेसिव्ह. सेल्फ करून एफ-टू पाहा.' झालं! खाली अकरा अंगठे. एकाला तरी कळलं असेल तर शपथ.

१२ फेब्रु.
सरांना फोन करून झापलंच. म्हटलं, मी शाळेची खिचडी शिजवते, प्रयोगशाळा चालवत नाही, नीट सांगा. नरमले. "ताई, पहिल्या पिढीत सगळी लालच येणार. तीच एफ-वन. पिवळा अप्रभावी, म्हणून आत दडलाय. त्याच लाल फळांचं बी लावा. चारांत साधारण एक झाड पिवळं देईल."
अप्रभावी? आईच्या पिवळ्याची चटणी चाखलीय का यांनी कधी?
आणि मी बया, न विचारता उपटून मोकळी! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.
मग आठवलं. सातवं रोप आईला दिलं होतं. फोन लागेना, तिकडे रेंज नाही.

१५ फेब्रु.
सुट्टी टाकून आंदर मावळात, आईकडे. फाट्यापासून तासभर पायी.
"ते तांबडं व्हय? गायीला घातलं."
ओरडलेच मी. ती दुप्पट ओरडली, "पिवळ्यात तांबडं कालवलंस तू, आन् वरडती माज्यावर?"
खरंय तिचं. म्हणून अजूनच राग आला.
"फळं कुटंयत?" मी विचारलं.
"दोन चटणीत गेली. एक हाय टोपलीत."
झडपच घातली. येताना पिशवीत नाही ठेवलं, हातात धरून आणलं.

६ मार्च
तेवीस रोपं उगवली. आई बाजाराला आली होती, गच्चीवर आणून दाखवली.
"यातलं पिवळं कंचं?"
फळ लागेपर्यंत कळत नाही, म्हटलं. सहा ठेवते, बाकीची काढावी लागतील.
"एकबी उपटू नगंस. लय उपटलंस."
स्वतःच तांब्यानं पाणी घातलं, सगळ्यांना, आणि गेली.
तेवीस रोपं. कुंड्या सहा.