पडद्यावरची बाग

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज कागद काढतो आणि रोज काहीतरी आड येतं. परवा पेन सापडलं तर चष्मा सापडेना, आणि चष्मा सापडला तर ही हाका मारायला लागली. फोनवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं ऐकून सूनबाई पोळपाट टाकून बाहेर येते, म्हणून पत्रच बरं.

चिरंजीवांकडे राहायला येऊन आता बरेच दिवस झाले. घर सोडलं ते बरंच केलं असं सगळे म्हणतात. तुझी भावजय अंगणात पडली ती पुन्हा उठली नाही, आणि तिचं करणं मला एकट्याला झेपत नव्हतं, हे खरं आहे. इथे दोघंही करतात, नावं ठेवायला जागा नाही. पण खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भिंतीवर सांडपाण्याचे दोन नळ, बाकी काही नाही. दुपारी वरून तेवढं ऊन उतरतं. सगळा जन्म जिने बागेत काढला, ती त्या नळांकडे बघत पडून राहायची. मग एक दिवस तिने कूस बदलून तोंड आतल्या भिंतीकडे केलं, ते केलंच. जेवण दोन घासांवर आलंय. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की त्यांना आता आनंदात ठेवा. डॉक्टर असं कधी म्हणतात ते मलाही कळतं, त्याला शाळा पुरी करावी लागत नाही.

आता मूळ मुद्दा. घराचा ताबा नवा मालक महिनाअखेर घेणार आहे. कुलूप नीट लागलंय का ते बघायला मी गेलो होतो (लागलं होतं), येताना अंजिराची चार पानं कापडी पिशवीत टाकली. पिशवी हिच्या उशाशी ठेवली, त्यातलं एक पान उशीवर निसटलं आणि न बघता मीच त्याच्यावर बसलो. उशीच्या अभ्र्यावर पानाचा हिरवागार ठसा उमटला, शिरांसकट. सूनबाईला दिसायच्या आत धुवावा म्हणून मी अभ्रा ओढायला लागलो, तर हिने तो धरून ठेवला. ठशावर बोट फिरवलं आणि म्हणाली की हे भिंतीकडच्या फांदीचं पान, याचं एक बोट आखूड आहे. इतक्या दिवसांत एवढं लांब वाक्य ती बोलली नव्हती.

तेव्हापासून मी फेऱ्या मारतोय. लिंबू, गुलाब, डाळिंब, पुदिना, नेचा, द्राक्षवेल, सगळ्यांची पानं आणली. पांढऱ्या चादरीवर पान ठेवायचं, वर कागद ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ झाडूच्या दांड्याने छताला उलटे ठोके देतात, पण माझा इलाज नाही. कुठलं पान कुठे लावायचं ते ही सांगते. गुलाबाला ऊन हवं म्हणून खिडकीच्या बाजूला. पुदिना एका कडेला, नाहीतर तो सगळीकडे पसरतो. मी म्हटलं की चादरीवर कसा पसरेल, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट कडेलाच ठोकला.

चादर पार्सलने पाठवतोय. ठसे पुसट आहेत. तू शिवणवर्ग चालवलास, तुझ्या हातात टाका आहे. प्रत्येक पानाच्या कडेने आणि शिरांवरून दोरा भर, म्हणजे खिडकीला पडदा करून लावता येईल आणि त्या नळांच्या जागी तिला तिची बाग दिसेल. तिने एकदा ती बघावी, एवढंच माझं मागणं आहे. घाई कर असं लिहवत नाही. तरी घाई कर.

पार्सल गहाळ तर होणार नाही ना? पोचताच कळव. तुझी माया मला लहानपणापासून पुरली आहे, आणखी थोडी पुरव.

तुझा
धाकटा

—

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. तू त्यावर एवढी दोरी गुंडाळली होतीस की आत चोर आहे असं वाटलं. सोडवायला आमची शेजारीण आणि मी, अशा दोघी लागलो.

चादर पलंगावर पसरून पाहिली. मग हसले. अरे, पुदिन्याची निम्मी पानं तू उलटी ठोकली आहेस, देठ वर आणि शेंडा खाली. वहिनीने बघितलं नाही वाटतं. आणि डाळिंबाशेजारी एक मोठा गोल ठसा आहे, तो कुठल्याच पानाचा नाही, तुझ्या चहाच्या कपाचा आहे. मी त्याचाही सूर्य करून टाकलाय. बागेत ज्या माणसाने शेवंतीची रोपं तण समजून मुळासकट उपटली आणि पुढे जन्मभर फक्त झारी धरायची परवानगी मिळवली, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती. पण ठसे छान आले आहेत रे. नेच्याचा तर असा आला आहे की सुई टोचायला हात धजेना.

कडेला साखळी टाका घालते आहे, शिरांना साधा धावदोरा. डोळे दुपारपर्यंत साथ देतात, त्यानंतर दोरा कुठे आणि भोक कुठे. तरी रोज बसते.

एक खोडी केली आहे, तुला आधीच सांगते. माझ्या कुंपणावरची घाणेरी तुला आठवते ना, पिवळ्या-गुलाबी फुलांची? वहिनीने ती कधी फाटकाच्या आत येऊ दिली नाही. मी फांदी घेऊन आले की दारातच म्हणायची की ताई, तुम्ही आत या, तिला बाहेर ठेवा, ती सगळी बाग खाऊन टाकेल. तर मी उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, तिचं एक पान ठोकलंय आणि वर चार फुलं भरली आहेत. बघू या तिला कधी दिसतं. दिसलं की मला शिव्या घालील. तेवढ्यासाठी तरी बोलेल.

जेवत जा. तू पडलास तर तिला कोण. माझा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज.

तुझी
ताई

—

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पडदा आला, त्याच दिवशी लावला. चिरंजीवाने शिडी धरली, मी चढतो म्हणत होतो पण कोणी चढू दिलं नाही. लावल्यावर हिला खिडकीकडे वळवलं. ताई, ती किती वेळ बघत होती. मागून ऊन आलं तेव्हा सगळी पानं आतून पेटल्यासारखी हिरवी झाली. सूनबाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. ही काय म्हणाली असेल? म्हणाली की गुलाब लिंबाच्या फार जवळ आलाय. त्या दिवशी तिने वाटीभर भात खाल्ला. मला वाटलं, आता जमलं.

घाणेरी तिला दिसली नाही. कोपरा पलंगाच्या आड जातो.

दुसऱ्या दिवशी म्हणाली की पाणी घातलं नाही. मी म्हटलं घातलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि या वेळी रडायला लागली की सगळं वाळून जाईल, तुमच्यावर एक काम सोपवलंय तेही होत नाही. मी न्हाणीघरात नुसता नळ सोडून आवाज केला. फसली नाही. झारीचा आवाज तिला ठाऊक आहे. मग मी झारी आणली, खाली परात ठेवली, आणि पडद्यावर थोडं शिंपडलं. ती शांत झोपली. तेव्हापासून रोज शिंपडतो. तू हसशील. पण तिने सांगितलेलं काम मी करतो, दुसरं मला काय येतं?

त्याचं फळ असं झालं की हिरवा रंग ओघळला. जिथे ओघळला नाही तिथे उन्हाने तपकिरी पडला. पुदिना गेला. नेचा चहासारखा दिसतो. हिला दिसतंय की नाही कळत नाही, डॉक्टर म्हणतात नजरही मंदावते आहे. काल मात्र म्हणाली की या वर्षी पानगळ लवकर सुरू झाली.

नवी पानं आणावीत म्हणून घरी गेलो. नवे मालक भले आहेत, खुर्ची दिली, चहा दिला. अंगणात फरश्या बसल्या आहेत, गाडी ठेवायला. त्यांनी विचारलं की आपल्याला काही हवं होतं का. मी म्हटलं, नाही, कुलूप बघायला आलो होतो. अंजिराचं खोड जमिनीबरोबर कापलंय. त्यावर त्यांची पाण्याची रबरी नळी गुंडाळून ठेवलेली होती.

रंग परत आणायची काही युक्ती असेल तर लगेच लिही. झोप येत नाही. आठवण असू दे.

तुझा
धाकटा

—

१६ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अरे, पडद्याला कोणी पाणी घालतं का? वाचून मी आधी कपाळावर हात मारला आणि मग बराच वेळ तसाच ठेवला.

गल्लीतल्या रंगाऱ्याला घरी बोलावून विचारलं. तो म्हणाला की कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवायला हवं होतं, मग ठसा धरला असता. आता काहीही केलं तरी रंग राहणार नाही. झालं ते झालं. तुला बोल लावत नाही, शिवायला मीच बसले होते, मलाही सुचलं नाही.

पण दोरा जाणार नाही. माझे टाके पक्के आहेत. तू असं कर, पडदा खिडकीवरून काढ आणि तिच्या अंगावर पांघर. डोळ्यांना दिसत नसेल तर बोटांना लागेल. त्या अभ्र्यावर तिने बोटानेच ओळखलं होतं ना?

मी यावं असं फार वाटतं. मुलाशी बोलले. तो म्हणाला की आई, तुला आपल्या घराचा उंबरा ओलांडवत नाही. खरं आहे. तुझे तीन मजले मला या जन्मी चढता येणार नाहीत. वहिनीला सांग की ताईने विचारलंय. कळलं नाही तरी सांग.

स्वतःला जप. तुला हे सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून पुन्हा सांगते.

तुझी
ताई

—

४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा उशीर झाला, क्षमा कर. अक्षर वाईट आलंय, लावून वाच.

तू सांगितल्याप्रमाणे पडदा तिच्या अंगावर घातला. रंग आता अजिबात नाही. पांढऱ्या कापडावर नुसत्या दोऱ्याच्या कडा, आत काही नाही. हिला दिसणं जवळजवळ बंद झालंय. मला ओळखत नाही. पाणीवाले म्हणते. सकाळी मी जवळ गेलो की म्हणते, पाणीवाले, आज उशीर केलात. मी हो म्हणतो. तुझा निरोप सांगितला तेव्हा तिने विचारलं की कोण ताई. तुला हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

पांघरल्यावर तिची बोटं फिरायला लागली. सगळ्या पानांवरून गेली, आणि मग उजव्या कोपऱ्यात तुझ्या घाणेरीपाशी थांबली. ताई, तिने ती उपटली. आधी फुलं नाही ओढली. कापड उलटं करून मागची गाठ शोधली, नखाने मोकळी केली आणि दोरा मुळासकट बाहेर काढला. मग तो पलंगाच्या डाव्या कडेला नेऊन टाकला, जिथे आपल्या अंगणात ती उपटलेलं तण टाकायची. मी एवढा हसलो की सूनबाई धावत आली. तिला कसं सांगणार. तुझ्या घाणेरीला तिने अजूनही आत येऊ दिलं नाही.

पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पुदिना काढला, मग द्राक्षवेल, मग तुझा तो कपाचा सूर्य. दिवसभर तेच. चिरंजीवाने आता नर्सबाई ठेवल्या आहेत, त्या म्हणतात की शेवटी शेवटी पेशंट अंगावरचं पांघरूण असंच चिमटत राहतात, त्यात अर्थ काही नसतो. असेल. त्या खूप बघतात. पण त्या तिच्या डाव्या कडेला बसत नाहीत, मी बसतो. दोऱ्याचा ढीग साचला की उचलून नेतो. तो मी फेकलेला नाही, पिशवीत ठेवलाय.

तिची बोटं सोलवटली आहेत. नर्सबाई म्हणाल्या की हातांना मऊ मोजे बांधून ठेवू. चिरंजीवालाही ते पटतंय, तो वाईट नाही, त्याला बघवत नाही. मी त्यांना सांगितलंय की आत्याचं पत्र आल्याशिवाय कोणी हात बांधायचे नाहीत. एवढ्या जोरात मी या घरात पहिल्यांदाच बोललो. पण मला खात्री नाही. मी शेवंती उपटणारा माणूस, मला यातलं काय कळतं. तूच सांग, बांधू द्यावे का?

आता फक्त अंजीर राहिलंय. त्याला ती हात लावत नव्हती. आखूड बोटापर्यंत जायची आणि परत फिरायची. आज दुपारी मात्र तिथलाच एक टाका मोकळा केला. बाग सारी मोकळी झाल्यावर त्या हातांना काय काम उरेल?

म्हणून एक मागतो. तुझ्याकडे जुनी चादर असेल, नसेल तर उशीचा अभ्रा चालेल. त्यावर घाणेरी भर. पानं ठोकू नकोस, रंग नको, नुसता दोरा. जेवढी भरता येईल तेवढी भर, कडेपासून कडेपर्यंत घाणेरीच घाणेरी. टाके पक्के घालू नकोस, गाठी सैल मार, तिची नखं दुखतात. पाणी मी घालीन.

पार्सलला वेळ लागेल, त्याच्या आधी नुसतं पत्र टाक. मोज्यांचं काय करायचं ते दोन ओळींत लिही, पण लगेच लिही. पोस्टमन येतो तेव्हा मी खाली दारातच उभा असतो.

तुझा
धाकटा