बांधावरचं गवत

रुसलेल्या भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

शेत न नांगरता नुसतं गवत राखायचे सरकार पैसे देतं, याचं मला अजून नवल वाटतं. नांगरताना एकमेकांचा बांध कोरला म्हणून तुम्ही दोघा भावांनी बोलणं टाकलंत, पण अनुदानाचा अर्ज मात्र दोघांनीही केलात. आता नांगरच नाही, तर बांध कोरणार कोण? गवत एवढं माजलंय की बांध शोधूनही सापडत नाही.

परवा पाहणीला साहेब आले होते. "तुमची हद्द कुठवर?" म्हणाले. तुमचे दादा गवत बाजूला सारून बांध शोधू लागले. मग म्हणाले, "धाकट्याला विचारा. त्याला सगळं कळतं." टोमणा होता की माया, मला काही उमगलं नाही.

हल्ली दादा रोज संध्याकाळी शेतात जाऊन गवतापाशी वाकून बसतात. मला राहवेना. ते घरी झोपलेले असताना जाऊन पाहिलं, तर ऐन बांधावर, गवताच्या बुडाशी पाखराचं घरटं आणि त्यात ठिपक्यांची अंडी.

काल गच्चीवरून मात्र भलतंच दिसलं. दादा अलीकडून वाकलेले आणि तुम्ही पलीकडून. मधल्या गवतामुळे दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही. अंडी फुटून पिल्लं चिवचिवली की दोघंही एकदम मान पुढे काढणार. तेव्हा आधी कोण बोलेल, याची मला भारी उत्सुकता लागलीय.

हे पत्र मिळालं तर तुम्ही लाजून यायचंच बंद कराल. म्हणून ते माझ्यापाशीच ठेवतेय.

गच्चीवर वाट बघणारी,
तुमची वहिनी